आजीची पैठणी, पणजीची नथ: जुना साज मिरवताना पडणारे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, लॉकरच्या किल्ल्या शोधल्या जातात आणि प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: जुनी वस्तू अंगावरच शोभते, ती वापरावी. पण तिला कात्री लावण्याआधी किंवा मुशीत टाकण्याआधी आपल्या हातात नेमकं काय आहे, एवढं तरी ओळखून घ्यावं.

जुना साज म्हणजे नेमका किती जुना?

ढोबळमानाने तीन पिढ्या धरा. पणजीच्या पेटीत नऊवारी लुगडी असतात, चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली जर असते आणि मोती बहुधा समुद्रातून काढलेले नैसर्गिक असतात. आजीच्या काळात सहावारी रुळली, जरीत तांबं शिरलं आणि मोती कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, झाले. आईची पिढी म्हणजे साठ ते ऐंशीच्या दशकातली: नायलॉन, टेरिलीन, जॉर्जेट, कोपरापर्यंतच्या बाह्या आणि मनगटावर चावी द्यायचं इवलंसं घड्याळ. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बनू लागली आणि पुढची तीसेक वर्षं लग्नात घड्याळ द्यायचं म्हणजे तेच, असं समीकरण होतं.

ही तिसरी पेटी लोक हसत हसत रिकामी करतात. 'नायलॉनच्या साडीला कोण विचारतं?' आज विचारतात. त्या साड्यांवरची ठसठशीत छपाई आता बाजारात मिळत नाही, आणि त्या फाटतही नाहीत. ठेवून द्या.

आमच्याकडची पैठणी हातमागाची आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया किंवा कमळ दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. याचं कारण विणण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक रंगाचं रेशीम छोट्या कांडीवर गुंडाळलेलं असतं. ते नक्षीच्या हद्दीपर्यंत जातं, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतं आणि तिथूनच मागे वळतं. त्यामुळे मागच्या बाजूला धागे लोंबत राहायला जागाच उरत नाही. यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'चा पदर उलटलात की एक तर आडवे मोकळे धागे दिसतील, नाहीतर ते कातरून टाकलेले आणि म्हणून खरखरीत लागतील. अशा पदरात बांगड्या हमखास अडकतात.

दुसरी खूण काठाची. जुन्या चांगल्या पैठणीचा काठ 'कडियल' असतो. अंगाचा रंग काठात मिसळत नाही, कारण विणकर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवतो: दोन दोन्हीकडच्या काठांसाठी आणि एक मधल्या अंगासाठी. काठ आणि अंग जिथे भेटतात ती रेघ उजेडाकडे धरून पाहा. तिथे धागे एकमेकांत गुंफलेले दिसतात.

तिसरी खूण जरा गमतीची आहे. एकाच पदरावरचे दोन मोर शेजारी शेजारी नीट पाहा. एकाची मान किंचित जाड, दुसऱ्याचा पाय किंचित आखूड. हात थकला की नक्षी थोडी हलते. सगळे मोर एकाच साच्यातून काढल्यासारखे असतील, तर शंका घ्या.

वय ठरवायला नक्षी थोडीफार मदत करते. असावली म्हणजे वेलबुट्टी, कोयरी, अजिंठ्याच्या भिंतींवरून आलेलं कमळ, नारळी काठ ही जुनी घराणी. अंगभर मोर आणि पदरावर भलीमोठी चित्रं ही अलीकडची हौस. मात्र नारळी काठ आजही विणला जातो, तेव्हा निव्वळ नक्षीवरून 'शंभर वर्षांची आहे' असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

येवल्याची पैठणी ही 'खरी' पैठणी नव्हे, असं सासूबाई म्हणतात. बरोबर आहे का?

नाव गोदाकाठच्या पैठणचं, पण आज बहुतेक पैठण्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात विणल्या जातात. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि येवल्याच्या विणकरांचा त्यावर तितकाच हक्क आहे. गाव कोणतं यापेक्षा माग कोणता हे बघा. सासूबाईंशी वाद घालायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जर खरी आहे का? जरीवाला चांगली किंमत देतोय, देऊन टाकू का?

आधी जर ओळखा. चांदीची जर जुनी झाली की काळपट पडते. तांब्याची जर लालसर होते, कधी हिरवट डाग धरते. प्लॅस्टिकची जर वर्षानुवर्षं तश्शीच चकचकत राहते, आणि तोच तिचा दुर्गुण. आतल्या टोकाशी सुटलेला एखादा धागा मिळाला तर नखाने खरवडा. जुन्या जरीत धातूची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असते, ती उलगडते आणि आतला धागा दिसतो. हा धागा जाळून पाहिला तर रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि त्याची राख बोटांत चुरडते. प्लॅस्टिक वितळून त्याचा टणक मणी होतो. पदराचा धागा यासाठी ओढू नका.

आता विकण्याचं. जरीवाला साडी घेतो ती जाळायला किंवा आटवायला. त्याला हवी असते चांदी, आणि तो पैसे देतो तेही तेवढ्या चांदीचेच. विणकराने मागावर घालवलेल्या महिन्यांना त्याच्या काट्यावर वजन नसतं. बोहारणीला जरीची लुगडी घालून स्टीलचे डबे घेतलेली घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ते डबे अजून फडताळात असतील आणि पैठणी गेली ती गेलीच. साडी पार विरलेली असेल, तरी काठ आणि पदर काढून ठेवा. ते नव्या रेशमावर बसवता येतात, आणि हे काम करणारे कारागीर येवल्यात आणि पुण्या-मुंबईत मिळतात.

घडीवर चिरली आहे. नेसता येईल का?

कुठे चिरली आहे त्यावर ठरतं. निऱ्यांत जाणारा भाग असेल, तर आतून त्याच रंगाचं पातळ रेशीम किंवा मलमल लावून, बारीक रफू करून साडी आणखी काही वर्षं निघते. पदरावरची चीर खांद्यावरून खाली येणाऱ्या भागात असेल, तर मात्र तिच्यावर ताण येतो. तिथे आधी संपूर्ण पदराला अस्तर द्यावं लागतं.

एक परीक्षा करून पाहा. साडीचा आतला कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अगदी हलका ताणा. रेशीम चर्रकन फाटलं, तर ते विरलं आहे आणि त्याला रफू धरणार नाही. अशी साडी नेसण्याच्या फंदात पडू नका. लग्नात एका ठिकाणी पाय पडला की संपलं. तिचा शेला करा, ओढणी करा किंवा काठ-पदर वेगळे काढा.

आणि हो, जुन्या साडीला नायलॉनचा फॉल लावू नका. धुतल्यावर दोघांचं आकसणं वेगवेगळं असतं, मग काठ गोळा होतो. सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, हाताने टाके घालून लावायचा. मशीनच्या सुईची भोकं जुन्या रेशमात कायमची राहतात. सेफ्टी पिन लावायचीच तर आतून कापडाचा छोटा तुकडा घेऊन त्यात लावा, आणि घरी आल्या आल्या काढा. विसरलेली पिन गंजते आणि तो डाग कधीच जात नाही.

नऊवारी पैठणी कापून सहावारी करून घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि आमचं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात: घाई करू नका.

नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. सहावारीला साडेपाच मीटर पुरतात. म्हणजे कापल्यावर अडीचेक मीटर उरतं आणि त्यात ब्लाउज होतो, हा हिशेब मोहात पाडणारा आहे खरा. पण जुन्या लुगड्यांचा पन्हा, म्हणजे रुंदी, काही वेळा आजच्या साडीपेक्षा आखूड असतो. उंच बाईने ते सहावारीसारखं नेसलं की घोटे उघडे पडतात. नऊवारी नेसताना हे जाणवत नाही, कारण तिथे कासोट्यात आणि ओच्यात कापड वेगळ्या रीतीने बसतं. कापण्याआधी पन्हा मोजलाच नाही, असं सर्रास घडतं.

तेव्हा आधी एकदा ती नऊवारीच नेसून बघा. घरात नेसवणारं कोणी नसेल तर नऊवारी नेसवून देणाऱ्या बायका आता प्रत्येक शहरात आहेत. ब्राह्मणी पद्धत वेगळी, मराठा पद्धत वेगळी, कोळणींची आखूड नेसण वेगळी. तुमच्या घरची कोणती, ते जुन्या फोटोत सापडेल. राजा रविवर्म्याने काढलेली मराठी स्त्रियांची चित्रंही यासाठी उपयोगी आहेत. निऱ्या आणि काष्टा त्याने फार बारकाईने पाहिला होता. १८९४ साली त्याने मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, म्हणून त्याच्या छापील तसबिरी आपल्याकडच्या जुन्या घरांत इतक्या दिसतात.

कापायचंच ठरलं, तर आतल्या टोकाकडून कापा. पदराच्या बाजूला कात्री नको. शिवलेली नऊवारी करायला जुनी पैठणी तर अजिबात देऊ नका. त्यात कापडाचे तुकडे होतात आणि मागे फिरता येत नाही. त्यासाठी बाजारातली साधी सेमी पैठणी घ्या आणि दोनदा नेसून मोकळ्या व्हा.

कपाटात कशी ठेवायची?

धुऊन मऊ झालेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, हँगरवर नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, कारण साडी चिरते ती नेहमी त्याच त्या घडीवर. शक्य असेल तर पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मलमल गुंडाळून त्यावर साडी गुंडाळा.

डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवले की कसर लागत नाही. आपल्या आज्यांनी हेच केलं. अत्तर आणि डिओडरंट साडी नेसण्याआधी लावा आणि ते वाळू द्या. जरीवर फवारा उडाला की ती जागा काळी पडणार, हे नक्की. इस्त्री उलट बाजूने, मध्ये कापड घेऊन, कमी आचेवर. पावसाळा संपला की एक दुपार सावलीत वाऱ्यावर पसरून ठेवा. उन्हात नको.

नाक टोचलेलं नाही. नथ कशी घालू?

चापाची नथ मिळते, ती दाबून बसते. पण घरातली जुनी टोचायची नथ चापाची करून घेऊ नका, तिचा आकडा कापावा लागतो. सोनाराला सांगून वेगळा, काढता-घालता येणारा चाप जोडून घ्या. बहुतेक सोनारांना हे जमतं, फक्त तसं सांगावं लागतं.

पणजीच्या नथीतले मोती 'बसरा' आहेत असं घरात सगळे म्हणतात. खरंच असतील का?

असू शकतात, पण घरोघरच्या आठवणींवर विश्वास ठेवला तर बसऱ्याच्या आखातात पाण्यापेक्षा मोतीच जास्त निघाले असते.

बसरा हे इराकमधलं बंदर. बहारीन आणि आसपासच्या इराणी आखातातले मोती तिथल्या नावाने मुंबईच्या बाजारात येत. ते सगळे नैसर्गिक. १८९३ मध्ये जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला, पुढे पूर्ण गोल कल्चर्ड मोती आले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला. त्यामुळे नथ १९२० च्या आधीची असेल, तर मोती नैसर्गिक असण्याची शक्यता बरीच आहे. १९५० नंतरची असेल तर कमी. मात्र काचेचे नकली मोती तेव्हाही होतेच, आणि मोती सुटला की सोनार हाताशी असेल तो बसवत असे. एकाच नथीत तीन पिढ्यांचे मोती सापडणं अगदी नेहमीचं आहे.

दातांवर मोती हलकेच घासला आणि किंचित खरखरीत लागला, तर तो काचेचा नाही, एवढंच कळतं. कल्चर्ड मोतीही तसाच खरखरीत लागतो. भोकाच्या तोंडाशी भिंगातून पाहिलं तर कल्चर्ड मोत्यात वरचा थर आणि आतला मणी यांच्यामधली रेघ कधी कधी दिसते. पण गोड्या पाण्यातल्या कल्चर्ड मोत्यांत बहुधा असा मणीच नसतो, म्हणून ती रेघ न दिसणं हा पुरावा धरता येत नाही. पक्कं उत्तर हवं असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घ्या.

किंमत काढताना जुने जवाहिरे 'चव' हे माप लावतात. ते मोत्याच्या वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून दोन बारक्या मोत्यांपेक्षा तेवढ्याच वजनाचा एक मोती कितीतरी महाग. बडोद्याच्या गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार प्रसिद्ध होता. त्यातल्या मोत्यांचा उरलेला दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेला.

तुमच्या नथीतून एवढं काही निघणार नाही. पण मोती घामाने, व्हिनेगरने, अत्तराने खराब होतो. नथ सगळ्यांत शेवटी घाला, सगळ्यांत आधी काढा आणि मऊ ओलसर फडक्याने पुसून ठेवा. रिठ्याचं पाणी सोन्याला, मोत्याला नाही. तन्मणी, चिंचपेटी हे रेशमी दोऱ्यात ओवलेले असतात. दोरा सैल वाटला की पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्या, तुटण्याची वाट पाहू नका.

सगळं एकदम घालावं की एकच काहीतरी? दागिने जास्त झाले तर 'नाटकातली' वाटेन अशी भीती वाटते.

नाटकाचा विषय काढलातच म्हणून सांगतो. मराठी बायकांना नटायला शिकवलं ते एका पुरुषाने. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षं त्यांच्या स्त्री-भूमिकांतल्या साड्या, पदर घेण्याची तऱ्हा, नथ, केसांतली फुलं यांची नक्कल घराघरांत झाली. रंगमंचावर ते खरीखुरी उंची वस्त्रं आणि अत्तरं वापरत. त्या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली, तरी हौस कमी झाली नाही. तेव्हा 'नाटकातली' ही आपल्याकडे शिवी मुळीच नव्हती.

दुसरं टोक इंदिराराजे यांचं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची ही लेक लग्न होऊन कूचबिहारला गेली. विधवा झाल्यावर तिने फ्रेंच शिफॉनच्या साड्या नेसायला सुरुवात केली आणि संस्थानी घराण्यांतल्या बायकांनी ती चाल उचलली. अंगावर एकरंगी शिफॉन, गळ्यात निवडक मोती आणि पायात मात्र इटलीच्या फेरागामोकडून बनवून घेतलेले जोडे, काहींवर रत्नं जडवलेली. ऑर्डर थोडीथोडकी नाही, शंभर जोडांची.

या दोन टोकांच्या मध्ये तुमची जागा शोधा. आमचा अनुभव असा की साडी भरजरी असेल तर गळ्यात एकच दागिना बोलू द्यावा. पैठणीवर तन्मणी आणि कानांत मोत्यांच्या कुड्या, बास. ठुशी घातलीत तर ती गळ्यालगत बसते, तेव्हा लांब काहीतरी चालेल: बोरमाळ किंवा मोहनमाळ. चिंचपेटी आणि ठुशी एकदम घालू नका, दोघी एकाच जागेसाठी भांडतात. कोल्हापुरी साज साध्या सुती किंवा इरकली साडीवर जितका उठून दिसतो तितका भरजरी पैठणीवर दिसत नाही. त्याच्या पानांतली कासव, मासा, चंद्र, भुंगा अशी बारीक घडण बघणाऱ्याला दिसली पाहिजे, जरीत ती हरवते.

पेशवाई वळणाचे मोत्यांचे दागिने आणि देशावरचे भरीव सोन्याचे दागिने एकत्र घालू नयेत, असं जुन्या बायका म्हणत. नियम कडक नाही, पण नजरेला पटतो. हातात मात्र कंजूषी नको. पाटल्या, बिलवर आणि मध्ये हिरव्या बांगड्या हे जुळवून केलेलं जुनं गणित आहे, त्यात फेरफार करून काही सुधारत नाही.

आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा. वर्षभर काळं अशुभ म्हणणाऱ्या घरातही त्या दिवशी परवानगी असते. काळ्या रेशमावर लाल काठ आणि ठसठशीत नथ, त्यापुढे मुंबईतल्या कुठल्याही पार्टीतला काळा झगा फिका पडेल.

सोनार म्हणतो, जुनं मोडा आणि नवं हॉलमार्कचं करा. काय करू?

मोडीत तीन ठिकाणी पैसे जातात. मूळची घडणावळ बुडते, आटवताना तूट धरली जाते आणि नव्या दागिन्याची घडणावळ वरून द्यावी लागते. शिवाय जुन्या पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते. तिचं वजन सोन्याच्या वजनात धरून तुम्ही घरी हिशेब केला असेल, तर दुकानात धक्का बसेल.

हॉलमार्कची सक्ती सराफावर आहे. नवा दागिना विकताना त्यावर हॉलमार्क हवा, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, हवा. घरातला जुना दागिना बिनहॉलमार्कचा आहे म्हणून तो बेकायदा ठरत नाही. शुद्धता जाणून घ्यायची असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात तपासून घेता येते, त्यासाठी दागिना मोडावा लागत नाही.

शुद्धता कमी निघाली तर आजोबांच्या सोनाराला लगेच लबाड ठरवू नका. एक तर जुन्या दागिन्यांत डाक, म्हणजे सांधे जोडायचा हलका धातू, भरपूर असे. दुसरं म्हणजे, १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला. त्या काळात लग्न झालेल्या आजीचं मंगळसूत्र चौदा कॅरटचं निघालं, तर ते तिच्या लग्नाच्या वर्षाशी जुळवून बघा. पुढे आलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

मोडू नका अशी आमची शिफारस विशेषकरून तीन वस्तूंसाठी आहे: जुन्या पुतळ्यांची माळ, जडावाचं खोड असलेला तन्मणी आणि हाताने घडवलेला साज. पुतळी हे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं आपल्याकडचं नाव. माळेत एखादं खरं व्हेनिसचं नाणं असलं, तर आटवण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. साधी वळी, घासून गुळगुळीत झालेल्या बांगड्या, तुटक्या साखळ्या खुशाल मोडा.

पेटीत सोन्यात मढवलेलं वाघनख सापडलं. लहान मुलाच्या गळ्यात घालू का?

नाही. पूर्वी आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून मुलांना असं वाघनख घालत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या नखाची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि मालकीचं प्रमाणपत्र नसताना ते बाळगणंही. त्याचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा तर विचारही नको. बरीच 'वाघनखं' शिंगाची किंवा प्लॅस्टिकची निघतात, तरी खात्री होईपर्यंत वकिलाचा सल्ला घ्या. हस्तिदंती बांगड्यांनाही हाच कायदा लागतो.

घरातल्या पुरुषांनी काय घालावं?

भिकबाळी. कानाच्या वरच्या पाळीतली ती मोत्याची बाळी एवढी पुरेशी आहे. तिच्यासोबत पगडी, शेला, कंठी, अंगठ्या असं सगळं चढवलं की नवरदेव कमी आणि सजवलेला बैल जास्त वाटतो. टोचायचं नसेल तर दाबाची भिकबाळी मिळते. आजोबांचं जुनं उपरणं असेल तर तेवढं जरूर घ्या.

पायात काय?

कोल्हापुरी, आणि ती चामड्याची. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये अशाच चपला मूळ नाव न घेता झळकल्या, आपल्याकडे गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा कुठून आली ते मान्य केलं. चपला बनवणाऱ्यांना त्याचा किती फायदा होतो, ते पुढे दिसेल.

नवी कोल्हापुरी लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, चावते. आठवडाभर आधी अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून एरंडेल चोळा आणि घरात घालून फिरा. पाण्यात भिजवू नका. टाचांचे सँडल नऊवारीखाली कसे दिसतात, हे आरशात एकदा बघाच, मग आम्हाला काही सांगावं लागणार नाही.

घरात जुनं काहीच नाही. विकत कुठे मिळेल?

मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार. दोन्हीकडे जुनी बटणं, घड्याळं, चष्म्याच्या फ्रेमा, पितळी करंडे मिळतात. जुनी खरी पैठणी तिथे क्वचितच लागते. 'अँटिक' म्हणून विकले जाणारे काळपट दागिने बहुधा नुकतेच रसायनात बुडवून काळे केलेले असतात. खोबणीत काळं आणि टोकांवरही काळं, तर संशय घ्या. खरोखर वापरलेल्या दागिन्याची टोकं घासून उजळलेली असतात.

खरेदीआधी एक दुपार पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवा. डोळे तयार होतात आणि नंतर दुकानदाराच्या बोलण्यात अडकायला होत नाही. नव्या हातमागाच्या पैठणीसाठी सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क पाहून घ्या. दोन-अडीच हजारांत हातमागाची पैठणी देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. नुसत्या फोटोपुरतं हवं असेल तर तुळशीबागेतला एक ग्रॅमचा साज उत्तम. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मी अमेरिकेत राहते. आईने दिलेली पणजीची पैठणी आणि दागिने सोबत नेऊ शकते का?

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल पण दिसायला तशी असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. सोन्याचे दागिने नेऊन परत आणायचे असतील, तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून नोंद करून घ्या, म्हणजे येताना ते नवे आणल्याचा वाद होत नाही. सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. आणि तिकडच्या हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा मोत्यांना सोसत नाही. हीटरजवळच्या कपाटात ठेवू नका, अधूनमधून घाला.

आम्ही दोघी बहिणी, पैठणी एकच. कशी वाटून घ्यायची?

कापून नाही. एकीकडे पैठणी, दुसरीकडे तन्मणी असं होत असेल तर आई हयात असतानाच ठरवून टाका, तिच्यासमोर कोणी फारसं भांडत नाही. तसं जमत नसेल तर आळीपाळीने, सणाच्या हिशेबाने: एक दिवाळी हिच्याकडे, पुढची तिच्याकडे. देताना साडी उजेडात उघडून दोघींनी मिळून पाहायची, नवी चीर किंवा डाग दिसला तर तिथल्या तिथे बोलायचं आणि रफूचा खर्च निम्मा-निम्मा करायचा.